मोरीवाल्या मिस्त्रीनं आखलेली शाळा

नागभीडच्या स्टेशनामागच्या वस्तीत नूर मोहम्मद कुठे राहतो असं विचारलं, तर माणसं क्षणभर विचारात पडत. "मोरीवाला मिस्त्री" म्हटलं की मात्र लगेच घर दाखवत.

रेल्वेच्या छोट्या लाइनीचं काम निघालं तेव्हा त्याचा बाप नागपूरकडून गवंडीकामाला आला. रूळ पुढे गेले, बाप इथेच राहिला. या मुलखात ओढ्या-नाल्यांची गिनती नाही आणि प्रत्येक ओढ्यावर लाइनीला, पाणी खालून जायला, एक मोरी लागे. नूर मोहम्मदचं लहानपण त्या मोऱ्यांच्या कमानीखाली गेलं. शाळा त्यानं पाहिली ती बाहेरूनच. बापाला स्वतःलाच अक्षर येत नव्हतं, ते तो काय शिकवणार? पण पाणी वाचायला त्यानं शिकवलं. दगड ठेवण्याआधी पाणी कुठून येतं, कुठे जाऊ पाहतं आणि अडवलं तर कोणाच्या घरात शिरतं, ते आधी बघायचं. बाकी सगळं नंतर.

पन्नाशीला येईपर्यंत नूर मोहम्मदनं पंचक्रोशीत मोऱ्या बांधल्या, विहिरींची तोंडं बांधली, एका मशिदीचा ओटा आणि एका देवळाच्या पायऱ्या बांधल्या. उडालेल्या चुन्यानं त्याचा डावा डोळा अधू झाला होता. त्यामुळे तो समोरच्याकडे मान जराशी वाकडी करून बघायचा. नवख्याला वाटे, हा माणूस आपल्याला ओळंबा लावून बघतो आहे. बोलायचा कमी. काम हातात घेतलं की त्याहून कमी.

१९५५ च्या माघात कुसुमझरीचे हेडमास्तर गुणवंतराव सायकल मारत त्याच्या दारात आले. कुसुमझरी म्हणजे नागभीडपासून सहा कोसांवर जंगलाच्या कडेला वसलेलं गाव. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागे साग-मोहाचं रान. तिथली शाळा एका खोलीची. चार वर्ग, दोन मास्तर, आणि पावसाळ्यात सगळे एकाच पडवीत. चौथीनंतर ज्याला शिकायचं त्यानं नागभीड गाठायचं. मुलं थोडीफार जात. मुलगी एकही जात नसे. गुणवंतरावांनी सात वर्षं अर्ज केले होते. शेवटी वरच्या कचेरीतून तीन खोल्यांची मंजुरी आली. सोबत निळ्या कागदावरचा नकाशाही आला.

"मिस्त्री, काम तुमीच कराचं," गुणवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं जरा चढला होता. "सातवीपर्यंत शाळा होते आता. सडकेवरून जानाऱ्या मानसाले दिसली पायजे, अशी शाळा."

नूर मोहम्मदनं पाणी दिलं, चहा दिला आणि आठवडाभरात येतो म्हणाला.

तो आला, पण काम काही सुरू करेना. जुन्या शाळेच्या पडवीत त्यानं वळकटी टाकली आणि दिवसभर मागच्या जागेवर नुसता हिंडू लागला. ती जागा उताराची. वरच्या अंगाला मोहाची नऊ मोठी झाडं आणि एक कुसुमाचं. मधोमध जमिनीला एक खोलगट घळ पडलेली. गावात अशा जागेला लवण म्हणत. पावसाचं पाणी त्या लवणातून उतरून खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, जाई आणि बोडीवर पंधरावीस घरांचं धान पिके. नूर मोहम्मद सकाळी एका झाडाखाली बसे, दुपारी दुसऱ्या. सावली जिथे संपे तिथे काडी रोवे. लवणातला मुरूम हातात घेऊन चोळून बघे. चार दिवस झाले, सहा झाले. गावकरी म्हणू लागले की मास्तरानं मिस्त्री आणला का राखणदार?

रोज पहाटेच एक बाई तिथे येई. सुगंधाबाई. साठीच्या आसपासची, अंगानं काटक. मोहाच्या झाडांखालचा पालापाचोळा ती गोळा करी, थोडा थोडा जाळी आणि जमीन झाडून लख्ख करी. फुलं गळू लागली की ती स्वच्छ जमिनीवर पडावीत, म्हणून. त्या नऊ मोहांचे आठ मालक होते. कागदावर नाही, पण गावात कोणी कधी विसरत नसे. त्यातली दोन झाडं सुगंधाबाईच्या घराकडे तिच्या सासूच्या सासूपासून चालत आली होती. चैत्रातल्या महिन्याभरात वेचलेली फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्यात भाकरीला जोड होई.

सातव्या दिवशी तिनंच विचारलं, "मिस्त्रीभाऊ, झाडं कवा पाडता?"

नूर मोहम्मदनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. "कोन म्हनलं पाडतो म्हून?"

"कोन म्हनाले कायले पायजे? शाळा होऊन राह्यली ना. यंदाची फुलं तरी गळू द्या."

 निळा कागद नूर मोहम्मदनं पाहिला होता. लिहिलेलं वाचता येत नसलं तरी रेघा कळत होत्या. तिन्ही खोल्या एका ओळीत, एकमेकींना चिकटून, सडकेकडे तोंड करून. जमिनीवर ती ओळ धरली तर लवण बुजवावं लागत होतं आणि पाच मोह जात होते. त्यात सुगंधाबाईचे दोन्ही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो गुणवंतरावांकडे गेला. म्हणाला, "मास्तर, या कागदावरची जागा अन् ही जागा एक नाई. कागद सपाट जाग्यासाठी हाय. इथी लवन हाय. बुजवलं का पानी फिरन. बोडी सुकन, नाईतर भिंत खचन. दोनातलं एक होनारच."

गुणवंतराव वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली. "मंग काय कराचं?"

"खोल्या वेगवेगळ्या घेऊ. जागा दाखवन तिथी."

"झाडांमधे?"

"हाव."

गुणवंतरावांनी लेखणी खाली ठेवली. ते स्वतः कुसुमझरीसारख्याच एका गावात शिकले होते. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला.

"मिस्त्री, मी लहान होतो तवा आंब्याखाली शिकलो. पाऊस आला का पाटी डोक्यावर घ्याची अन् घरी जाचं. मंग नागपूरले गेलो. तिथली शाळा पाह्यली. लांबच लांब व्हरांडा, एका रांगेत खोल्या, दरवाज्यावर नंबर. तवा मनात म्हनलं, हे आपल्या गावच्या पोरायले काऊन नाई? सात वर्षं कागद लिहिले त्यासाठी. अन् आता तुमी म्हनता, या पोरायले पुन्हा झाडाखालीच न्या. शहरातल्या पोरायले ओळीतली शाळा, अन् आमच्या पोरायले रान. जन्मभर?"

 पाण्याबद्दल नूर मोहम्मद रात्रभर बोलू शकला असता. पण मास्तर पाण्याबद्दल बोलतच नव्हते. त्यानं वळकटी बांधली आणि दुसऱ्या दिवशी धान वाहणाऱ्या बैलबंडीत बसून नागभीडला परत गेला. जाताना एवढंच म्हणाला, "दुसरा मिस्त्री पाहून घ्या. मले ते नाई जमनार."

घरी बायकोला, खुर्शीदाला, त्यानं सगळं सांगितलं. खुर्शीदा लग्नापासून त्याच्याबरोबर कामावर होती. चुना मळणं, विटा भिजवणं, हिशेबानं पाणी मारणं ही कामं तिची. तो रागात असला की ती हातातलं काम थांबवत नसे. तांदूळ निवडत निवडत तिनं ऐकून घेतलं.

"मास्तर काही वाईट नाई बोलला," ती म्हणाली.

"मी कुठी वाईट म्हनतो?"

"तो पोट्ट्यांचं बोलून राह्यला होता. तुम्ही पान्याचं. त्याले पान्याची काय पडली? त्याची बोडी हाय का तिथी? तुम्हाले खरंच वाटते का, झाडाजवळ पोट्ट्यांचं भलं हाय म्हून? का फक्त तुमचं लवन वाचवाचं हाय?"

नूर मोहम्मद चिडला. जेवला नाही. पण प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. स्टेशनच्या मालधक्क्याच्या डागडुजीचं बारीकसारीक काम त्यानं घेतलं होतं. तिथे दुपारी अनवाणी हमाल पत्र्याच्या सावलीतून बाहेर पाय टाकताना दोनदा विचार करत. ते बघता बघता त्याला कुसुमझरीतल्या त्या काड्या आठवल्या. सावली संपे तिथे रोवलेल्या. त्या काड्यांच्या आत पोरं खेळत होती. बाहेर एकही नव्हतं. हे त्यानं सहा दिवस बघितलं होतं आणि बघूनही पाहिलं नव्हतं.

चैत्र अर्धा झाला तेव्हा तो पुन्हा कुसुमझरीला गेला. दुसरा मिस्त्री अजून मिळाला नव्हता. शाळेत मुलंही नव्हती म्हणा. सगळी मोह वेचायला. हजेरीच्या वहीत पानभर गैरहजेरी मांडून गुणवंतराव एकटेच टेबलाशी बसले होते. त्याला बघून ते उठले. मागचं काही काढलं नाही.

दुपारचे दोन वाजत आले होते. नूर मोहम्मद म्हणाला, "मास्तर, माह्यासंगं जरा चाला. वहाना इथीच ठेवा."

"वहाणा?"

"मी पन काढतो."

गुणवंतरावांना वाटलं, मिस्त्री कुठल्या देवस्थानाची वगैरे गोष्ट काढतो आहे. पण ते निघाले. निळ्या कागदावर खोल्यांच्या ओळीपुढे जिथे व्हरांडा होता, तिथून नूर मोहम्मद चालू लागला. ओळीचं तोंड पश्चिमेकडे, ऊन थेट अंगावर. मुरूम तव्यासारखा तापलेला. दहा पावलांवर गुणवंतरावांची चाल बदलली. वीस पावलांवर ते टाचांवर चालू लागले. तिसऱ्या खोलीच्या जागेपर्यंत ते पोचलेच नाहीत. मधेच वळून, जवळजवळ पळत, मोहाच्या सावलीत शिरले आणि झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले.

नूर मोहम्मद मागून आला. त्याचे तळवे कामानं घट्टे पडलेले, तरी त्यालाही भाजलं होतं.

"तुमच्या शाळेत किती पोट्ट्यायच्या पायात वहाना हाय?" त्यानं विचारलं.

गुणवंतरावांना आकडा पाठ होता. "चौऱ्याहत्तरात पाच."

"व्हरांडा पश्चिमेकडे. दुपारून ऊन आत येईन. खोलीतून पानी प्याले निघालं का पाय भाजन. झाडं तर पाडलेलीच ऱ्हातीन." तो थांबला. एवढं एका दमात बोलायची त्याला सवय नव्हती. "झाडाखाली बसवा असं मी नाई म्हनत, मास्तर. दगडाचा पाया, विटेची भिंत, कवेलूचं छत. दरवाज्यावर तुमचा नंबर. नागपूरपेक्षा कच्चं बांधलं तर माहं नाव बदला. फक्त जागा झाडाले इचारून घेऊ."

 गुणवंतरावांनी पायाचा तळवा उचलून बघितला. मग म्हणाले, "सडकेवरून दिसनार नाई."

"पहिली खोली दिसन. बाकीच्या येनाऱ्याले दिसतीन."

त्यांनी हो म्हटलं नाही. पण संध्याकाळी आखणीसाठी चुन्याच्या फक्कीची टोपली त्यांनी स्वतःच आणली आणि दोरीचं एक टोक धरलं. दुसरं नूर मोहम्मदनं. पुढचे तीन दिवस दोघं आखत होते. पहिली खोली जुन्या शाळेच्या रेषेत, उत्तरेकडे तोंड करून. दुसरी लवणाच्या अलीकडे, हातभर उंच चौथऱ्यावर. तिसरी लवणाच्या पलीकडे, वरच्या मोहांच्या मधल्या मोकळ्या जागेत. एकही झाड पडत नव्हतं. तिन्हींना जोडणारी एक पायवाट आणि लवण जिथे ती पायवाट ओलांडते तिथे, अर्थातच, एक मोरी.

सुगंधाबाई टोपलीत फुलं घेऊन बाजूला उभी राहून हे बघत होती. तिनं विचारलं, "कुंपन घालसान का?"

"ढोरं येतीन म्हणून घालावंच लागन," गुणवंतराव म्हणाले.

"मंग आमी येचाले कुठून येवाचं?"

याचा विचार दोघांनीही केला नव्हता. शेवटी ठरलं ते असं. मोहाच्या महिनाभर फाटक उजाडायच्या आधी उघडायचं आणि ज्याचं झाड त्यानं वेचून घ्यायचं. मुलंही आईबरोबर तिथेच वेचतील. वेचणं आटोपलं की टोपली घरी पाठवायची आणि तिथूनच वर्गात बसायचं. शाळेची घंटा तेवढे दिवस तासभर उशिरा. गुणवंतराव हे बोलले खरे, पण वेळ बदलायचा अधिकार आपल्याला आहे की नाही हे त्यांना नक्की माहीत नव्हतं. पुढे त्यांनी कधी विचारलंही नाही.

ओव्हरसियर बोरकुटे वैशाखात आले. जीपगाडी सडकेवर ठेवून छत्री उघडून चालत आले आणि फक्कीच्या रेषा बघून उभेच राहिले. माणूस स्वभावानं खाष्ट नव्हता. पण त्याच्या हाताखाली पंचवीस ठिकाणची कामं होती आणि पंचवीस ठिकाणी एकच नकाशा.

"हे काय आहे, हेडमास्तर? मी ओळ मंजूर केली आहे."

 सात वर्षांनी मिळालेली मंजुरी एका शब्दानं जाईल, ही गुणवंतरावांना धास्ती. नूर मोहम्मद पुढे झाला.  त्यानं निळा कागद मागून घेतला, जमिनीवर पसरला आणि बोटानं दाखवलं. "सायेब, यात एकच खोली हाय ना? बाजूले काय लिवलं?"

बोरकुट्यांनी वाकून बघितलं. खरंच, तपशिलानं काढलेली खोली एकच होती. लांबी, रुंदी, पाया, दारं, खिडक्या सगळं तिचं. बाजूला लिहिलं होतं, अशा तीन. ओळीचं चित्र वर कोपऱ्यात होतं, अंगठ्याएवढं.

ते छत्री मिटून मोहाच्या सावलीत बसले. पानाचा डबा काढला. "बाजूच्या दोन भिंती सामाईक होत्या, त्या आता वेगळ्या येतील. जास्तीचा दगड, जास्तीची वीट मी कुठून दाखवू?"

"गाव देईन," मागून सुगंधाबाई म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"गाव म्हणजे कोण?"

"मी हाय की. अन् बाकीचे सात."

बोरकुटे हसले. पण त्यांनी खोलीचा प्रत्येक आकडा नकाशाबरहुकूम ठेवायचा, पाया अर्धा हातही कमी घ्यायचा नाही, या अटीवर सही केली. जाताना नूर मोहम्मदला म्हणाले, "मिस्त्री, लवणाच्या पाण्यानं एक खोली जरी ओलावली, तरी मी तुम्हाला ओळखत नाही."

मोहाचे आठही मालक आणि बोडीखाली शेती असलेली घरं, यांनी दिवाळीनंतर बंड्या जुंपल्या. नाल्यातला काळा दगड महिनाभर वाहिला. खुर्शीदाही कुसुमझरीला येऊन राहिली आणि चुना दळायची घाणी तिनं सांभाळली. नूर मोहम्मदनं त्या हिवाळ्यात जितकं जीव लावून काम केलं तितकं आधी कधी केलं नव्हतं. तिसऱ्या खोलीच्या पायाच्या चरात मोहाचं एक जाडजूड मूळ आडवं आलं. दोन मजूर कुऱ्हाड घेऊन उभे. त्यानं त्यांना थांबवलं. मुळावरून दगडाची छोटी कमान काढली आणि भिंत वरून नेली. गुणवंतराव रोज शाळा सुटल्यावर तिथे येऊन बसत. "माणसाच्या घरातून साप जावा तसं जाते हे मूळ," असं एकदा म्हणाले. तोपर्यंत दोघांची चांगली गट्टी जमली होती.

माघात तिन्ही खोल्या झाल्या. चैत्रात फुलं गळली, बायाबापड्या फाटकातून येऊन वेचून गेल्या, घंटा उशिरा वाजली. मोरीवाल्याची शाळा बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली.

आणि वैशाखाच्या शेवटी वावटळ आली.

संध्याकाळची वेळ. शाळेला सुटी लागलेली, म्हणून कोणी जिवानिशी गेलं नाही असंच म्हणायचं. तिसऱ्या खोलीवर झुकलेली मोहाची एक मांडीएवढी फांदी कडकडून तुटली ती छपरावर. अर्धं छप्पर खाली आलं. कवेलूंचा चुरा, आढं मोडलेलं. फळा दुभंगला.

निरोप मिळाल्यावर नूर मोहम्मद दुसऱ्या दिवशी पोचला. गावातली माणसं जमलेली होती.   तो आत गेला. पहिल्या रांगेतली मुलं जिथे बसत, बरोबर तिथे आढं पडलं होतं. तो तिथे उकिडवा बसला. आयुष्यभर पाणी बघत आलो, मुळंही बघितली, पण वर मान करून बघितलं नाही. अधू डोळ्याला दोष देता आला असता. त्यानं दिला नाही.

बाहेर येऊन तो सगळ्यांसमोर गुणवंतरावांना म्हणाला, "मास्तर, हे माहं चुकलं. झाड वाचवाच्या नादात मी खोली चार हात जवळ घेतली. शाळा भरली असती तर..." 

गुणवंतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. रागही असेल, भीती नक्कीच होती. "आता काय? पाडाचं का झाड?" ते म्हणाले.

सगळ्यांनी सुगंधाबाईकडे पाहिलं. झाड तिचं होतं. तिनं पदर खोचला आणि झाडाभोवती एक फेरी मारली. खोलीवर अजून दोन फांद्या झुकल्या होत्या. सर्वांत जास्त फुलं त्याच बाजूला लागत, हे तिला माहीत होतं. तिथल्या सगळ्याच बायांना माहीत होतं.

"या दोन उतरवा," ती म्हणाली. "बाकीचं ऱ्हाऊ द्या. माहा नातू बसते तिथी."

नूर मोहम्मदनं त्या फांद्या मजुरांना तोडू दिल्या नाहीत. दोर बांधून, आधार देऊन, दोन दिवस लावून स्वतः उतरवल्या, म्हणजे सालपट सोलून खोड उघडं पडू नये. कापल्या जागी शेणमाती लिंपली. छप्पर नव्यानं घातलं, त्याबद्दल काही घेतलं नाही. पुढची दोन वर्षं त्या झाडाला फुलं फार कमी आली. दर चैत्रात तो कोणाकडून तरी विचारून घेई, बाईचं झाड कसं आहे म्हणून. तिसऱ्या वर्षी बरी आली.

मधल्या काळात सगळा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कचेऱ्या बदलल्या, शिक्के बदलले, साहेब बदलले. १९५९ च्या सुरुवातीला एक नवे तपासनीस आले. देशावरचे, सौम्य बोलणारे. त्यांनी वर्ग पाहिले, सातवीतल्या तीन मुलींना भूगोल विचारला, त्या मुलींनी उत्तरं दिली. मग ते आवारात उभे राहून म्हणाले, "हेडमास्तर, या इमारतीचा नकाशा आमच्या दप्तरात नाही. तिथे सरळ ओळीची इमारत दाखवली आहे. हे कोणत्या आराखड्यावरून बांधलं?"

"आराखडा जमिनीवरच काढला होता, साहेब," गुणवंतराव म्हणाले. "फक्कीनं."

"मला कागदावर लागेल. पंधरा दिवसांत पाठवा."

तेव्हा बांधून झालेल्या शाळेचा नकाशा काढायचं काम निघालं. गुणवंतरावांनी नूर मोहम्मदला बोलावून घेतलं. सातवीची मुलंमुली फुटपट्ट्या आणि दोऱ्या घेऊन अंतरं मोजत, नूर मोहम्मद ती बरोबर की चूक सांगे आणि गुणवंतराव कागदावर रेघा ओढत. तीन खोल्या झाल्या, पायवाट झाली, लवण झालं. मोरी नूर मोहम्मदनं दोनदा पुसायला लावली. कमान बसकी दिसत होती म्हणे. मग नऊ गोल काढून गुणवंतरावांनी मोह दाखवले आणि दहावा कुसुम.

नूर मोहम्मद कागदावर वाकला. "हे झाड कोनाचं हाय, ते लिवता येते का यात?"

"नकाशात तसं लिहीत नाही."

"काऊन नाई? खोलीवर नंबर लिवता. उद्या तुमी बदलून गेले, मी मेलो. नवा मास्तर म्हनन, आवार शाळेचं, फाटक बंद."

 गुणवंतरावांनी टाक शाईत बुडवून मोहाच्या प्रत्येक गोलाशेजारी बारीक अक्षरात एकेक नाव लिहिलं. शेवटी खाली एक टीप घातली. सदर वृक्षांची फुलं व फळं वेचण्याचा वहिवाटीचा हक्क नमूद कुटुंबांचा असून, हंगामात फाटक सूर्योदयापूर्वी उघडलं जातं. टीप त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. सुगंधाबाईला बोलावून तिच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. तिनं ते अक्षर नीट निरखलं आणि विचारलं, "दोन झाडं हाय माही. दोनदा लिवलं ना?"

"लिवलं, बाई."

नकाशाच्या दोन प्रती झाल्या. एक कचेरीत गेली. ती तिथे कोणी उघडून बघितली की नाही, कळायला मार्ग नाही. पण आक्षेपाचं पत्र काही आलं नाही. दुसरी शाळेच्या लाकडी कपाटात राहिली.

त्या उन्हाळ्यात गुणवंतरावांची बदली झाली. बंडीत सामान भरताना निरोप द्यायला गाव लोटलं होतं. नूर मोहम्मद मात्र येऊ शकला नाही. तो आणि खुर्शीदा तेव्हा दोन दिवसांच्या वाटेवर, एका डोंगरी गावात होते. तिथे लोकांना पिण्याच्या पाण्याची विहीर बांधून हवी होती, आणि जागा अजून ठरली नव्हती.